परड्यात कोंबड्या पाळायच्या आहेत? आधी एक पावसाळा बघून घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबई सोडून गुहागरच्या बाजूला गावी राहायला आलात, घरामागे मोठं परडं आहे, गुरं नसल्यामुळे गोठा रिकामा पडलाय. मे महिन्यात पंचवीस पिल्लं आणायचा विचार आहे. गिरिराज घ्यायची, वनराज की कडकनाथ? खायला काय घालायचं? आणि कोंबडा ठेवायलाच हवा का?

जातीचं नंतर बोलू. आधी एवढंच सांगते, मे महिन्यात पिल्लं आणू नका.

मेच्या मध्यावर एक दिवसाचं पिल्लू आणलंत, तर जूनमध्ये पाऊस लागेल तेव्हा ते तीन-चार आठवड्यांचं असेल. अंगावरची लव जात असते, पुरती पिसं आलेली नसतात. तीन ते सहा आठवडे हेच वय रक्ती हगवणीचं. या रोगाचे जंतू विष्ठेतून पडतात, पण पडल्याबरोबर ते रोग देत नाहीत. ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत तयार होतात आणि पिल्लाने चोच मारली की पोटात जातात. कोकणातल्या जून-जुलैत ओल आणि ऊब या दोन्ही गोष्टी फुकट मिळतात. पिल्लं पंख पाडून, अंग चोरून बसतात, विष्ठा लालसर होते, आणि नवख्या माणसाला कळेपर्यंत निम्मी गेलेली असतात. मग माणूस म्हणतो, आपल्याकडे कोंबडी टिकत नाही. कोंबडी टिकते, पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहे. फक्त पिल्लं कधी आणायची याचा हिशेब इथल्या पावसावरून मांडावा लागतो.

तुमची पहिली पिल्लं दसऱ्यानंतर आणा. ऑक्टोबरचा उकाडा आपल्याला नकोसा होतो, पण पिल्लांना ऊब द्यायचं निम्मं काम तोच करतो. जमीन वाळत आलेली असते. थंडीच्या दिवसांत पिल्लं वाढतात, लसी पुऱ्या होतात, आणि उन्हाळ्यात मानमोडीची, म्हणजे कोंबड्यांच्या जीवघेण्या रोगाची, साथ फिरायला लागते तोवर ती अंगाने तयार झालेली असतात. पुढच्या पावसात शिरताना तुमच्या हातात पिल्लं नसतील, अंड्यावर आलेल्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, असतील.

मग आता मे महिन्यात काय करायचं? खुराडं बांधायचं, आणि ते पावसाळाभर रिकामं ठेवून बघायचं.

हा सल्ला अनेकांना विचित्र वाटतो, पण मी तो प्रत्येकाला देते. उन्हाळ्यात बांधलेलं खुराडं उन्हाळ्यात उत्तमच दिसतं. ते कसं आहे हे जुलैत कळतं. पागोळ्यांचं पाणी कुठे आपटून आत उडतं, वाऱ्याबरोबर झड कोणत्या बाजूने शिरते, पायथ्याशी पाणी साचतं की वाहून जातं, पत्र्याखाली घाम धरतो का, हे सगळं छत्री घेऊन उभं राहून बघा आणि दुरुस्त्या करा. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून येतो. त्यामुळे दक्षिणेची आणि पश्चिमेची बाजू पावसाळ्यात झापांनी आडवायची आणि बाकीच्या दोन बाजूंनी वारा खेळता ठेवायचा. पत्रा भिंतीच्या बाहेर निदान दोन-तीन फूट यायला हवा.

तुमचा गोठा वापरता येईल, पण आहे तसा नाही. जुने चिरेबंदी गोठे काळोखे असतात आणि चिरा ओल धरतो. भिंतीचा वरचा भाग, छपराच्या खाली दीड-दोन फूट, काढून तिथे जाळी बसवा. जमीन आजूबाजूपेक्षा फूटभर उंच करून घ्या. गोठा फार मोठा असेल तर त्यातला एक कोपराच वेगळा करा. मोठ्या कोंबडीला आत दोन ते अडीच चौरस फूट जागा पुरते, कारण दिवसभर ती बाहेरच असणार. नवीन बांधणार असाल तर जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, खांबांवरचं खुराडं घ्या आणि तळाला पोफळीच्या किंवा बांबूच्या रिपा अर्ध्या-पाऊण इंचाची फट ठेवून मारा. विष्ठा खाली पडते, कोंबडी कोरडी राहते. आत बसायला दोन इंच रुंदीच्या, कडा घासून गोल केलेल्या आडव्या काठ्या द्या. जमिनीवर बसणारी कोंबडी आजारी पडते, काठीवर बसणारी तगते.

पावसात लोक एक गोष्ट हमखास करतात. पाऊस आत येतो म्हणून खुराडं चहूबाजूंनी प्लास्टिकने गुंडाळतात. याने कोंबड्या भिजत नाहीत, पण विष्ठेतून सुटणारा अमोनिया आत कोंडतो, डोळ्यांतून पाणी गळतं, घरघर सुरू होते आणि तिथून श्वासाचे रोग लागतात. सकाळी दार उघडल्यावर खाली वाका आणि कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर नाक न्या. तुमचे डोळे चुरचुरले तर तिने रात्रभर तेच सोसलंय. उभ्या माणसाला तो वास येत नाही म्हणून वाकायला सांगते. जमिनीवरचं खुराडं असेल तर भाताचं तूस तीन-चार इंच पसरा, एक दिवसाआड दाताळ्याने वरखाली करा, आणि मुठीत दाबल्यावर त्याचा गोळा होऊ लागला तर ओला भाग काढून टाका. थोडा चुना मिसळला तर ओल कमी होते. पाण्याचं भांडं विटेवर ठेवा, म्हणजे सांडून तूस भिजणार नाही.

आता रात्रीचं. कोकणात कोंबडी खाणारं जनावर शोधायला जावं लागत नाही. दिवसा मुंगूस आणि घार, पिल्लांवर भारद्वाजसुद्धा. रात्री कांडेचोर (उदमांजर) आणि रानमांजर. साप अंड्यांसाठी आणि पिल्लांसाठी येतो, घुशी खालून उकरून येतात. बाजारात जी पातळ षटकोनी कोंबडजाळी मिळते, ती कोंबडीला आत ठेवते, पण कांडेचोराला बाहेर ठेवत नाही. तो ती फाडतो. अर्ध्या इंचाची वेल्डिंगची जाळी घ्या, महाग पडली तरी, आणि ती जमिनीत फूटभर गाडा किंवा खाली चिऱ्याची रांग द्या. समुद्र जवळ असेल तर खाऱ्या हवेने जाळी गंजते, म्हणून दर वर्षी पावसाआधी हाताने ओढून बघा आणि कुजका भाग बदला. दाराला नुसता अडसर नको, कडी हवी. आणि दिवेलागणीला दार लावणारं माणूस घरात ठरलेलं हवं. ‘कुणीतरी लावेल’ म्हटलं की त्या रात्री कुणी लावत नाही.

घारीपासून पिल्लं वाचवायला मासेमारीचं जुनं जाळं वरून ताणतात. ते वर ठीक आहे. जमिनीलगत मात्र लावू नका, त्यात धामण अडकते आणि तडफडून मरते. धामण परड्यातले उंदीर-घुशी खाते, तिची गरज आहे. मुंगूस, कांडेचोर, धामण या सगळ्यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिलेलं आहे, त्यामुळे फासे आणि विष हा मार्ग नाहीच. चांगली जाळी हा एकच मार्ग, आणि तो पुरतो.

पावसाळाभर खुराडं अगदीच रिकामं राहू नये असं वाटत असेल, तर वाडीतल्या कुणाकडून दोन-तीन मोठ्या गावठी कोंबड्या घ्या. मोठ्या, पिल्लं नव्हेत. त्या तुम्हाला शिकवतील. निरोगी कोंबडीचा तुरा कसा लाल असतो, विष्ठा कशी असते, अंडं घालायच्या आधी ती कशी कोपरा शोधत फिरते, हे डोळ्यांत बसलं की आजारी कोंबडी ओळखायला पुस्तक लागत नाही. नवीन आणलेली कोंबडी जुन्यांत लगेच सोडू नका, दोन-तीन आठवडे वेगळी ठेवा. बाजारातून आणलेल्या एका पक्ष्याने घरचा सगळा कळप नेल्याचं आपल्या पट्ट्यात दर वर्षी कुठेतरी ऐकू येतं.

हे होतं मानमोडीमुळे. रोगाचं पुस्तकी नाव राणीखेत. हिरवट पातळ विष्ठा, मान वळणं, पाय लुळे पडणं, आणि दोन-चार दिवसांत वाडीतल्या कोंबड्या संपतात. याला औषध नाही. लसूण, हळद, काही चालत नाही, कारण रोग विषाणूचा आहे. फक्त लस चालते. सर्वसाधारण क्रम असा: पिल्लाच्या पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची लासोटा ही लस, डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो या दुसऱ्या विषाणूच्या रोगाची लस. अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटा पुन्हा. सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस, ती चुकवू नका, कारण देवी डासांमुळे पसरते आणि आपल्याकडे डासांना तोटा नाही. आठ ते दहा आठवड्यांच्या दरम्यान मानमोडीची आरटूबी ही लस टोचून घ्यायची. तुमच्या भागातले पशुवैद्य यात दिवस मागेपुढे करतील, त्यांचं ऐका. मॅरेक्स या आणखी एका रोगाची लस पिल्लाला पहिल्याच दिवशी उबवणी केंद्रात देतात. पिल्लं घेताना ती दिली आहे का, हे तोंडावर विचारून घ्या.

लस वाया जाते ती दोन कारणांनी. एक म्हणजे ती २ ते ८ अंश सेल्सिअसच्या गारव्यात राहावी लागते. चिपळूणहून खिशात घालून एसटीने आणलेल्या लशीत काही उरलेलं नसतं. थर्मासमध्ये बर्फ घालून आणायची, आणि पहाटे किंवा संध्याकाळी द्यायची. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. कुपी शंभर, दोनशे किंवा त्याहून जास्त मात्रांची येते, आणि एकदा द्रावण केलं की तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोण फोडणार? म्हणून कुणीच देत नाही, आणि एका घरात रोग आला की सगळ्या वाडीत फिरतो. यावर उपाय एकच. वाडीतली सगळी घरं मिळून एक दिवस ठरवा. आदल्या रात्री सगळ्यांनी कोंबड्या कोंडायच्या, पहाटे पशुधन पर्यवेक्षकांना बोलवायचं आणि दारोदार जाऊन एका कुपीत सगळी वाडी करायची. तुम्ही गावात नवीन आहात. कोंबड्यांपेक्षा आधी हे जुळवलंत, तर वाडीचं मोठं काम होईल आणि तुमच्या कोंबड्याही वाचतील. शेजारच्या कोंबडीला लस नसेल तर तुमच्या कोंबडीच्या लशीवर सगळा भार येतो.

एकदम बरेच पक्षी मेले तर हात लावू नका, कापून खाऊ नका, खाडीत टाकू नका. दवाखान्यात कळवा. जानेवारी २०२५ मध्ये उरणजवळच्या चिरनेर गावात परसातल्या कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला होता. हे फक्त मोठ्या पोल्ट्रीचं दुखणं आहे, या समजात राहू नका.

खाण्याचं सांगते. परड्यात फिरणारी कोंबडी गवत, किडे, गांडुळं, वाळवी खाते, पण तेवढ्यावर अंडी मिळत नाहीत. मोठी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाते. परडं चांगलं असेल तर त्यातलं निम्मं ती स्वतः मिळवते, उरलेलं तुम्ही संध्याकाळी घालायचं. संध्याकाळीच घाला, म्हणजे सगळ्या वेळेवर घरी येतात आणि मोजताही येतात. आपल्या घरांत तांदळाची कणी, कोंडा आणि उरलेला भात असतो, आणि बहुतेक घरांत तेवढंच घातलं जातं. अशी कोंबडी चरबी धरते आणि अंड्याला नाट लागते. तिला प्रथिनं हवीत. नाचणी, भिजवलेले कुळीथ, थोडी पेंड, अझोला (पाण्यावर वाढणारी हिरवी वनस्पती) आणि मासळी. मासळीची डोकी, आतडी उकडून घाला. सुकट, जवळा घालायचा तर बिनमिठाचा. खारवलेली मासळी कोंबडीला विषासारखी आहे, पिल्लांना तर फारच. मासळी जास्त झाली तर अंड्याला वास येतो, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे.

अंड्याच्या कवचाला चुनखडी लागते, ती आपल्या किनाऱ्यावर पडलेली आहे. तिसऱ्या, कालवं खाल्ली की शिंपल्या भाजून कुटा आणि वेगळ्या वाटीत ठेवा. लागेल तेवढी कोंबडी स्वतः उचलते. खाण्यात मिसळू नका, कारण पिल्लांच्या मूत्रपिंडांना जास्तीचा चुना बाधतो. पिल्लांना पहिले सहा-आठ आठवडे तयार चिक स्टार्टरच द्या, त्यात २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. इथे काटकसर करू नका.

पावसाळ्यात खाद्य एका वेळी पंधरा दिवसांचंच आणा, झाकणाच्या पिंपात भरा आणि पिंप फळीवर ठेवा. मका, शेंगदाण्याची पेंड, नारळाची पेंड यांना आपल्या हवेत चटकन बुरशी येते. बुरशीचा वास आला तर ते खाद्य टाकून द्या. उन्हात घालून, भाजून किंवा शिजवून बुरशीचं विष जात नाही, ते यकृत खाऊन टाकतं.

बागायतदारांच्या शेजारी राहत असाल तर अजून एक सांगायला हवं. आंब्याला मोहोर फुटला की कलमांवर कीटकनाशकाच्या फवारण्या सुरू होतात. फवारणीनंतर मेलेले आणि अर्धमेले किडे झाडाखाली पडतात, आणि कोंबड्या त्यावर तुटून पडतात. शेजारच्या बागेत फवारणी कधी आहे हे विचारत जा, आणि तेव्हाचे काही दिवस कोंबड्या कोंडून खायला घाला. तसंच जूनमध्ये तरवा, म्हणजे लावणीची भातरोपं, पेरला की. तरव्यातलं भात कोंबड्या उकरून खातात, आणि गावातली निम्मी भांडणं तिथून सुरू होतात.

ऑक्टोबरात पिल्लं आणाल तेव्हा पुठ्ठ्याचं गोल कडं करा, कारण कोपऱ्यात पिल्लं एकमेकांवर चढून गुदमरतात. खाली तूस, त्यावर पहिले दोन-तीन दिवस कागद. आल्याबरोबर आधी गुळाचं पाणी, मग खाद्य. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस ऊब हवी, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंश कमी. एलईडीचा दिवा उजेड देतो, ऊब देत नाही. जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब शोधून आणा, पंचवीस पिल्लांना शंभर वॅटचा पुरतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही नको, तिच्यातून सुटणाऱ्या विषारी वायूने पिल्लं आणि माणसं दोन्ही दगावतात. तापमापक नसला तरी चालेल, पिल्लं सांगतात. दिव्याखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, कडेला जाऊन चोची उघडून बसली तर उकडतंय, सगळीकडे पसरून खात असतील तर बरोबर आहे. वीज गेली तर काय, हे आधी ठरवून ठेवा.

यापेक्षा सोपी गोष्ट म्हणजे खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली, गावठी कोंबडी. तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवा, एकविसाव्या दिवशी पिल्लं. अंडी आठवड्याच्या आतली हवीत, न धुतलेली, निमुळतं टोक खाली करून गार जागी ठेवलेली. सातव्या-आठव्या दिवशी रात्री टॉर्च लावून बघा, शिरांचं जाळं दिसलं तर धरलंय, नितळ दिसलं तर वांझ. पुढे ऊब, राखण, चारा शोधायला शिकवणं हे सगळं तीच करते. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी पिल्लं अशीच वाढवा.

आता जात. वनराज आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेच्या, गिरिराज बंगळूरची. तिन्ही परसासाठीच तयार केलेल्या. वनराज आणि गिरिराज अंगाने भरतात, मांसाला चांगल्या, पण जड असल्याने मुंगूस आला तर उडून वर बसणं त्यांना जमत नाही. ग्रामप्रिया हलकी आणि अंड्याला सरस. गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, या त्याच्या दुपटीच्या आसपास जातात, पण खाद्य आणि निगा तशी हवी. या जाती खुडूक होत नाहीत म्हटलं तरी चालेल, आणि त्यांची घरी काढलेली पिल्लं आईबापांसारखी निघत नाहीत. कडकनाथ मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआची, २०१८ मध्ये तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. पक्षी काटक आहे, अंडी बेताची. पण पिल्लं महाग विकून ‘अंडी आम्हीच परत घेऊ’ असं सांगणारे भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा. आपल्या गावात गिऱ्हाईक असेल तरच ती पाळा.

तुमच्यासाठी मी चार-पाच गावठी आणि सहा-सात ग्रामप्रिया घेतल्या असत्या. पंचवीस नाही. गावठी अंडी उबवतील, ग्रामप्रिया घरात अंडी देतील. पांढऱ्या रंगाची पिल्लं निवडू नका, घारीला लांबून दिसतात. पिल्लांसाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. शासनाचं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र पुण्यात खडकीला आहे, पण मागणी आधी नोंदवावी लागते, म्हणून पावसाळ्यातच चौकशी करा.

कोंबड्याचं: अंडी हवी असतील तर कोंबडा लागत नाही, कोंबडी त्याच्याशिवायही अंडी घालते. पिल्लं हवी असतील तर आठ-दहा कोंबड्यांना एक. मी असते तर ठेवला असता, कारण घारीची सावली पडली की पहिला तोच ओरडतो आणि सगळ्या झुडपाखाली पळतात. जास्तीचे नर आपल्याकडे देवाच्या राखणीला, गटारीला, शिमग्याला घरबसल्या जातात. श्रावणात मात्र कुणी विचारत नाही, तेव्हा ते आषाढातच काढून टाका, नाहीतर महिनाभर नुसते खात बसतील आणि कोंबड्यांची पिसं उपटतील.